अँजिओप्लास्टीनंतर पाठीवर उठलेला काळसर चौकोन: एक्स-रेची इजा ओळखायची कशी आणि कुठल्या चुका टाळायच्या

मी मुंबईत एका कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेखाली हृदयाच्या प्रोसिजर होतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. हे लिहायला बसले कारण लोक नळी घातलेलं मनगट बघतात, मांडीतली जागा बघतात, गोळ्यांच्या वेळा पाळतात, पण पाठ कोणीच बघत नाही. हृदयाची लांबलेली प्रोसिजर झाली तर एक्स-रेमुळे कातडीला इजा होऊ शकते आणि ती बहुतेक वेळा पाठीवरच होते. त्यात ती लगेच दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी दिसते, तोवर डिस्चार्ज होऊन माणूस घरी रुळलेला असतो आणि अँजिओप्लास्टीचा आणि पाठीवरच्या डागाचा काही संबंध असेल हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

आधीच सांगते, घाबरून प्रोसिजर पुढे ढकलू नका. नुसत्या अँजिओग्राफीत कातडीला धोका होईल एवढा डोस सहसा जातच नाही आणि साध्या एका ब्लॉकच्या अँजिओप्लास्टीतही इजा होणं दुर्मिळ आहे. प्रश्न येतो तो लांबलेल्या केसमध्ये. पूर्ण बंद झालेली जुनी नस उघडणं, दोन-तीन नसांचं काम एकाच बैठकीत, ठोक्यांच्या गडबडीसाठी केलेलं अ‍ॅब्लेशन, तीन वायरींचा पेसमेकर, किंवा थोड्या महिन्यांत तेच काम दुसऱ्यांदा.

## पाठच का?

एवढं समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. कॅथलॅबमध्ये एक्स-रेची ट्यूब टेबलाच्या खाली असते आणि छातीवर जे मोठं चौकोनी डबडं येतं तो डिटेक्टर. म्हणजे किरण पाठीतून शिरतात आणि छातीकडून बाहेर पडतात, शिरताना सगळ्यात जास्त असतात आणि पलीकडे त्यातले फार थोडे पोचतात. मार बसतो तो शिरण्याच्या जागी. हृदयाची उजवी नस उघडताना डॉक्टर बराच वेळ डिटेक्टर पेशंटच्या डाव्या बाजूला कलता ठेवतात, मग ट्यूब आपोआप खाली उजवीकडे जाते, म्हणून उजव्या खवाट्याखालची जागा ही सगळ्यात जास्त वेळा सापडणारी जागा. डिटेक्टर उजवीकडे कलता असेल तर डावी पाठ. ट्यूब अगदी आडवी असेल तर बगलेखालची कूस आणि दंडसुद्धा.

## टप्पा १: अ‍ॅडमिट व्हायच्या आधी

१. मागच्या दोन-तीन वर्षांत कॅथलॅबमध्ये कायकाय झालं ते एका कागदावर लिहा. तारीख, हॉस्पिटल, काय केलं, किती वेळ चाललं. जमलं नाही, अर्धवट सोडली, तीही प्रोसिजर लिहायची. लोक नेमकी तीच गाळतात, "ती झालीच नाही ना" म्हणतात. नस उघडली नसेल, पण एक्स-रे तर पूर्ण पडलेला असतो, आणि अशी केस बऱ्याचदा सगळ्यात लांब चाललेली असते.

२. डॉक्टरांना या गोष्टी न विचारता सांगा: डायबिटीस, थायरॉइड जास्त असणं, ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मासारखा आजार, छातीला पूर्वी दिलेलं कॅन्सरचं शेकणं (रेडिएशन), केमो, सिगारेट. यांच्यात कातडी लवकर दुखावते किंवा भरायला वेळ लागतो. वजन जास्त असेल तर मशीन चित्र स्पष्ट यावं म्हणून आपोआप डोस वाढवतं, शिवाय पाठ ट्यूबच्या जवळ येते, म्हणून जाड माणसाची पाठ नंतर जास्त काळजीने बघायची.

३. आदल्या दिवशी घरी पाठीचा एक फोटो काढून ठेवा. मानेपासून कमरेपर्यंत, खिडकीच्या उजेडात. पुढे डाग दिसला की "हा आधीपासून होता का" यावर घरात जो वाद होतो तो या एका फोटोने मिटतो.

तपासा: मागच्या प्रोसिजरमुळे पाठीवर आधीच काळसर, पातळ किंवा खडबडीत जागा आहे का? असेल तर ती डॉक्टरांना टेबलावर जायच्या आधी दाखवा. माहीत असेल तर ते कोन बदलून काम करू शकतात.

## टप्पा २: टेबलावर

पेशंटच्या हातात इथे फार काही नसतं. दंड जिथे ठेवायला सांगतील तिथेच ठेवायचा, मध्येच खाली आणायचा नाही, ट्यूबच्या वाटेत दंड आला तर ट्यूबजवळची कातडी भाजून निघते आणि मशीन तो जाडपणा भरून काढायला डोस आणखी वाढवतं. बाकी काम आमचं.

माझ्या क्षेत्रातल्या नवीन मुलामुलींसाठी मात्र चार ओळी, कारण रोजच्या घाईत हेच सुटतं. टेबल जमेल तेवढं वर, डिटेक्टर छातीला जमेल तेवढा जवळ. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, १५ वरून ७.५ वर आणला तर डोस साधारण अर्धा होतो आणि नुसती वायर सरकवताना ७.५ पुरतो. सिने, म्हणजे जास्त डोसचं स्पष्ट रेकॉर्डिंग, गरज असेल तेव्हाच, नाहीतर फ्लुरोचीच, म्हणजे कमी डोसच्या चालू एक्स-रेचीच, क्लिप सेव्ह करा. मॅग्निफिकेशन सवय म्हणून लावू नका. कॉलिमेशन, म्हणजे किरणांचा चौकोन लहान करणं, घट्ट ठेवा, कारण फील्ड मोठं असेल तर कोन बदलूनही दोन चौकोन एकमेकांवर चढतात आणि मधली पट्टी दोन्हीकडून मार खाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आकडा मोठ्याने सांगा. ग्रे हे डोस मोजायचं एकक, ३ ग्रे झाले की एकदा, मग प्रत्येक १ ग्रेला. सिनियर डॉक्टर कामात गुंतलेले असतात, त्यांचं लक्ष वायरच्या टोकावर असतं, आकडा सांगितला म्हणून कोणी रागावलं तरी सांगायचा.

## टप्पा ३: डिस्चार्जच्या आधी आकडा घ्या

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि चुकतो तोही हाच.

प्रोसिजर संपली की मशीन एक डोस रिपोर्ट तयार करतं. त्यात तीन गोष्टी असतात.

पहिली एअर कर्मा, म्हणजे ठरावीक एका बिंदूपाशी जमा झालेला डोस. कातडीसाठी आपल्याला हाच आकडा पाहिजे. दुसरी डीएपी किंवा केएपी, म्हणजे डोस गुणिले क्षेत्रफळ. तिसरी फ्लुरो टाइम, मिनिटांत.

लोक तिसरा आकडा घेऊन समाधान मानतात. "फक्त वीस मिनिटं एक्स-रे होता" असं सांगतात. पण फ्लुरो टाइममध्ये सिनेचा डोस धरलेला नसतो आणि सिनेच्या एका फ्रेमला फ्लुरोच्या फ्रेमपेक्षा कितीतरी पट डोस लागतो, शिवाय किडकिडीत माणसाची वीस मिनिटं आणि शंभर किलोच्या माणसाची वीस मिनिटं यांत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून मिनिटांवर जाऊ नका, एअर कर्मा मागा.

काउंटरवर कसं मागायचं? असं म्हणा: "प्रोसिजरच्या डोस रिपोर्टची कॉपी द्या, एअर कर्मा किती होता ते डिस्चार्ज कार्डवर लिहून द्या." वॉर्डातल्या सिस्टरना माहीत नसेल तर कॅथलॅबच्या टेक्निशियनला विचारा, रिपोर्ट मशीनमध्ये केसबरोबरच सेव्ह असतो. सीडी मिळते त्यातही बऱ्याचदा शेवटचं पान डोसचंच असतं. तरीही कोणी टोलवाटोलवी केली तर रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ, यांचं नाव विचारा. कॅथलॅब चालवायला एईआरबीचं, म्हणजे इथे आपल्या अणुशक्तीनगरलाच ऑफिस असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स लागतं आणि त्यासाठी आरएसओ नेमावा लागतो. घरी आल्यावर लक्षात आलं तर लेखी अर्ज द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितलेले कागद डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायचे असतात, आणि अ‍ॅडमिट पेशंटचे रेकॉर्ड ३ वर्षं ठेवायचे असतात. ३ वर्षांनी मागायला गेलात तर हाती काही लागेलच असं नाही, म्हणून आत्ताच घ्या.

थांबा, युनिट बघा. एअर कर्मा मशीन बहुतेक मिलीग्रेमध्ये दाखवतं. ३,४०० मिलीग्रे म्हणजे ३.४ ग्रे. डीएपीचा घोळ मोठा आहे, कारण प्रत्येक कंपनीचं युनिट वेगळं. २४,००० मायक्रोग्रे मीटर स्क्वेअर म्हणजे २४० ग्रे सेंटिमीटर स्क्वेअर, तिथे १०० ने भागायचं. मिलीग्रे सेंटिमीटर स्क्वेअर असेल तर १,००० ने भागायचं. मोठा आकडा बघून घाबरलेले आणि युनिट न बघता "फक्त ५ आहे" म्हणून निर्धास्त झालेले, दोन्ही मी पाहिलेत. तो ५ म्हणजे ५ ग्रे होता, आणि ती साधी गोष्ट नाही.

मग एअर कर्माच्या आकड्याचा अर्थ काय लावायचा:

- २ ग्रेच्या खाली: कातडीचं बहुतेक काही होत नाही. पाठ एकदा बघून घ्या, बस.
- २ ते ५ ग्रे: थोडी लाली येऊन जाऊ शकते. ३ ग्रेच्या वर त्या जागेचे केस तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला गळू शकतात, परत येतात. पाठ वेळापत्रकाप्रमाणे बघायची.
- ५ ते १० ग्रे: ५ ग्रे ही जगभर धरलेली लक्ष ठेवायची रेषा आहे, डीएपीत साधारण ५०० ग्रे सेंटिमीटर स्क्वेअर. इथून पुढे हॉस्पिटलने स्वतःहून सांगायला हवं. ६ ग्रेच्या आसपास दहाएक दिवसांनी ठळक लाली येऊ शकते.
- १० ते १५ ग्रे: फॉलो-अपला डॉक्टरांनीच पाठ बघायची, फोनवर भागवायचं नाही. कातडी सोलवटू शकते, वर्षभराने पातळ होऊन त्यावर बारीक लाल नसा दिसू शकतात.
- १५ ग्रेच्या वर: ओली सोलवटणं, फोड, जखम. १८ ग्रे आणि पुढे कातडी मरून खोल जखम होऊ शकते, तीही दहा आठवडे उलटून गेल्यावर.

एअर कर्मा म्हणजे नेमका कातडीला लागलेला डोस नाही. कोन बदलत काम झालं असेल तर तो पाठीवर विभागला जातो, एकाच कोनात सगळं झालं असेल तर नाही. म्हणून आकडा कमी असला तरी पाठ बघायचीच. आणि थोड्या महिन्यांत दोन प्रोसिजर झाल्या असतील तर दोन्ही आकडे एकत्र धरून विचार करायचा.

## टप्पा ४: पाठ बघायचं वेळापत्रक

कॅलेंडरवर खुणा करा, प्रोसिजरच्या दिवसापासून मोजून: दुसरा दिवस, १० ते १४ दिवस, ४ आठवडे, ८ आठवडे, ३ महिने. डोस १० ग्रेच्या वर असेल तर पुढे वर्षभर अधूनमधून.

दुसऱ्या दिवशीची लाली येऊन विरते आणि तिथेच लोक फसतात. "आली होती, गेली" म्हणून बघणं बंद करतात. खरी इजा त्यानंतर वर येते.

कसं बघायचं: आंघोळीनंतर अंग कोरडं करून दिवसाच्या उजेडात खिडकीशी पाठ करून बसवायचं, ट्यूबलाइटखाली नाही. आपल्या सावळ्या रंगावर लाली लाल दिसत नाही, ती काळपट, जांभळट किंवा नुसती गडद दिसते, म्हणून उजेड तिरका पडू द्या आणि उजवी-डावी बाजू एकमेकांशी ताडून बघा. हाताच्या मागच्या बाजूने चाचपा, गरम लागतं का, घट्ट लागतं का. मग फोटो, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून, म्हणजे पुढच्या वेळी वाढलं की आटलं ते कळतं. दोन्ही खवाट्यांच्या खाली, पाठीचा मधला भाग, बगलेखालची कूस, उजवा दंड. एकट्या राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांना सांगा, लाजू नका.

## टप्पा ५: डाग दिसला, आता?

भांडुपला आमच्या जुन्या चाळीत एक काका आहेत, डायबिटीस, वजन नव्वदच्या वर. उजवी नस पूर्ण बंद. एका ठिकाणी प्रयत्न झाला, उघडली नाही, दोन महिन्यांनी दुसरीकडे उघडली. तीन आठवड्यांनी काकू पाठीला साबण लावत होत्या, त्यांच्या हाताला उजव्या खवाट्याखाली काहीतरी वेगळं लागलं. "अहो, हे काय झालंय इथे?" तळहाताएवढा काळपट चौकोन, कडा अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारख्या. काकांना नुसती खाज येत होती. घरात सगळ्यांनी एकमताने ठरवलं, नागीण आहे. लेप लावला. मग केमिस्टकडून गजकर्णाची ट्यूब. मग कोणी म्हणालं नवीन गोळ्यांची रिअ‍ॅक्शन. चौथ्या महिन्यात मध्यभागी जखम पडली, एका सर्जनने तुकडा काढून तपासायला पाठवला, तो काढलेला तुकडाच भरून येईना. मला फोन आला तेव्हा काका महिनाभर पालथे झोपत होते. मी फोटो मागवला आणि त्या सरळ कडा बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण तो आमच्या कॉलिमेटरचा, किरणांचा चौकोन आखणाऱ्या भागाचा, आकार होता, मी रोज स्क्रीनवर बघते तो.

काकूंना मी विचारलं होतं, डॉक्टरांना रेडिएशनचं सांगितलंत का? त्या म्हणाल्या, "अगं, रेडिएशन कुठे घेतलंय त्यांनी, ते तर टाटाला देतात ना?" यात त्यांची काय चूक. आपल्याकडे रेडिएशन म्हणजे कॅन्सर आणि कॅन्सर म्हणजे टाटा, अँजिओप्लास्टी एक्स-रेवर होते हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

म्हणून डाग दिसला की हा क्रम:

१. ताडून बघा. नागीण असेल तर पाण्याच्या फोडांचे घोस एका पट्ट्यात येतात, एकाच बाजूला, आणि बऱ्याचदा आधी दोन-तीन दिवस आग होते. गजकर्ण कडेने वाढत जातं, गोल, कड उठलेली. झोपून झालेली जखम हाडाच्या टोकावर येते, माकडहाड, टाच. एक्स-रेची इजा चौकोनी किंवा अर्धगोल, कडा स्पष्ट, जागा खवाट्याखाली किंवा कुशीत, आणि प्रोसिजरनंतर आठवड्यांनी. पण हे फक्त शंका घेण्यासाठी, नक्की डॉक्टरच ठरवतील.

२. ज्या डॉक्टरांनी प्रोसिजर केली त्यांना आधी कळवा, फोटो आणि आकड्यासकट. भांडायला नको, कळवायला. त्यांच्याकडे कुठल्या कोनात किती वेळ काम झालं ते चित्रांत असतं, डागाची जागा त्याच्याशी जुळते का ते बघता येतं.

३. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिलं वाक्य हेच बोला: "अमुक तारखेला एक्स-रेखाली हृदयाची प्रोसिजर झाली, डोस इतका होता, डाग इतक्या दिवसांनी आला." केईएम, सायन, नायर, जेजे, सगळीकडे त्वचारोगाची आणि प्लास्टिक सर्जरीची ओपीडी आहे. केसपेपरवर "अँजिओप्लास्टी" आणि तारीख लिहून घ्या.

थांबा: तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी, सुचवली तर आधी एक्स-रेचा इतिहास पुन्हा सांगा. अशा कातडीला टाका भरायला फार वेळ लागतो, कधी तिथेच न भरणारी जखम होते. इतिहास, जागा आणि आकार जुळत असेल तर बायोप्सी टाळतात, दुसरीच शंका असेल तरच करतात.

थांबा, आणि हे सगळ्यात गंभीर: गोळ्यांची रिअ‍ॅक्शन समजून स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलर, कुठलीही. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल. पुढे जखम साफ करायची म्हणून कोणी गोळी थांबवायला सांगितलं तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

## टप्पा ६: घरची काळजी

नुसता रंग बदललाय, कातडी अखंड आहे: कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने हलकेच, घासणी नाही. टिपून कोरडं करायचं. साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. सैल सुती कपडा. मुंबईच्या घामात सिंथेटिक बनियान दिवसभर अंगाला चिकटून राहते, तिचं घर्षणच पुरेसं असतं. लोकलमध्ये सॅक पाठीला न लावता पुढे घ्या. ब्राची पट्टी त्या जागेवरून जात असेल तर काही दिवस सोय बदला. उन्हात उघडं ठेवू नका.

अजिबात नको: गरम पाण्याची पिशवी, बर्फ, बाम, तेल रगडणं, हळद-चुन्याचा लेप, आणि केमिस्टकडची ती तीन औषधं एकत्र असलेली खाजेची ट्यूब. स्टेरॉइड क्रीम डॉक्टर कधीकधी देतात, पण ते त्यांनी ठरवायचं, किती दिवस तेही.

फोड आला किंवा सोलवटलं: फोड फोडायचा नाही. न चिकटणारं ड्रेसिंग, आणि चिकटपट्टी त्या कातडीवर लावायची नाही, सुटताना सालपट घेऊन येते. पू, वास, ताप, वाढतं दुखणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. डायबिटीस असेल तर साखर काबूत आणल्याशिवाय जखम भरायची आशा धरू नका. सिगारेट बंद.

जखम खोल झाली तर प्लास्टिक सर्जनकडे लवकर जा. कडेची कातडी वरून बरी दिसली तरी आतून दुखावलेली असते, म्हणून कुठवर कापायचं आणि वर काय लावायचं हा निर्णय अनुभवी माणसाचा आहे. दुखणं फार असतं, ते सोसत बसू नका, औषध मागा.

## टप्पा ७: पुढची प्रोसिजर लागली तर

तातडीची असेल, अटॅक आलाय, तर पाठीचा विचार नंतर, आधी जीव. वेळ असेल तर डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा: मागच्या जागेवर पुन्हा किरण पडणार का, कोन बदलता येईल का, आणि काम दोन बैठकांत वाटून मध्ये काही आठवड्यांचा अवकाश देता येईल का. डाग बरा झालेला असला तरी ती कातडी आयुष्यभर नाजूक राहते, तिथे अनेक वर्षांनी नवीन गाठ, खडबडीत ठिपका किंवा न भरणारा व्रण दिसला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचा.

फाइलच्या पहिल्या पानावर, ईसीजीच्याही आधी, एक कागद लावा: प्रोसिजरची तारीख, एअर कर्मा ग्रेमध्ये, डागाची जागा, नाणं धरून काढलेला फोटो. काकांच्या फाइलवर मी तो स्वतः लावलाय, पिनेने नाही, स्टेपल करून, म्हणजे एका ओपीडीतून दुसऱ्या ओपीडीत जाताना पडणार नाही.